भवानी युनियनचं श्राद्ध

माणूस मेल्यावर त्याचं श्राद्ध घालतात. आमच्या गल्लीतल्या लोकांनी चालत्याबोलत्या क्लबचं घातलं. तेही आमच्या दुकानासमोर, आणि तेही माझ्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं त्याच दिवशी. मी कोणाला सोडलं नाही. पण ते सांगण्याआधी क्लब काय होता ते सांगायला हवं, नाहीतर आताची पोरं म्हणतील, म्हातारीला फुटबॉलमधलं काय कळतंय.

मला सगळं कळतं. लग्न होऊन इकडे कानडी मुलखात, अलसूरला आले, तर सासूबाईंनी चूल दाखवायच्या आधी मामंजींनी दुकानातली लोखंडी ट्रंक उघडून दाखवली. आत हळदीच्या रंगाच्या जर्स्या, छातीवर काळा पट्टा. गोलीची, म्हणजे गोल राखणाऱ्याची, तेवढी हिरवी, लांब बाह्यांची. म्हणाले, "सूनबाई, आपल्या घरात दोन देव्हारे आहेत. एक आत, एक हा."

आम्ही शिंपी. आमचे पूर्वज कधी या बाजूला आले कोणास ठाऊक, पण बोलणं मराठी, भांडण कन्नड आणि हिशेब तमिळ असं आमचं चालायचं. मामंजी कॅन्टोन्मेंटातल्या गोऱ्या साहेबांचे कोट शिवायचे. साहेब संध्याकाळी बॉल खेळायचे आणि मामंजी कोट हातात धरून बघत उभे राहायचे. साहेब गेले, कोट गेले, बॉलचा नाद तेवढा मागे राहिला. त्या नादातून त्यांनी भवानी युनियन काढली. त्यात आमचे शिंपी होते, गवळी होते, फुलवाले होते, आणि सोवळं नेसून बॉलला लाथ मारणारे दोन आचारीही होते. मोठमोठ्या फॅक्टऱ्यांच्या टीम पगार देऊन खेळाडू ठेवायच्या. आमचे मॅच झाल्यावर चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला भात, खायचे आणि कामाला जायचे. तरी ए डिव्हिजनमध्ये ताठ उभे होते.

जर्स्या आमच्या दुकानातच शिवल्या जायच्या. बाकीच्या क्लबांनी बाजारातल्या चकचकीत, तयार जर्स्या घ्यायला सुरुवात केली तरी आमच्या शिवलेल्याच. आणि आमचा एक रिवाज होता. खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, मशीन, कात्री, इस्त्री, टेप असं सगळं धुऊनपुसून मांडायचं, शेवंतीच्या माळा घालायच्या, आणि त्यांच्या शेजारी येत्या वर्षीच्या जर्स्या घडी घालून ठेवायच्या. पूजा झाली की एकेकाला नावाने हाक मारून, कॉलरीला कुंकू लावून जर्सी हातात द्यायची. नावं कमिटी ठरवायची, ते खरं. पण जर्सी आमच्या घरच्या हातातून जायची. ती हातात पडेपर्यंत कोणी भवानी युनियनचा नाही, आणि पडली की नाही म्हणायची सोय नाही.

मामंजी गेले आणि हे काम माझ्याकडे आलं. आमचे हे देवमाणूस, मशीनवरून मान वर करत नाहीत. चार माणसांसमोर कोणाला नाव घेऊन हाक मारणं ह्यांना जमणारं नव्हतं. मला जमलं. एका वर्षी कमिटीतल्या एका शहाण्याने आपला भाचा घुसवला. खंडेनवमीला मी सगळ्यांना जर्स्या दिल्या आणि त्या भाच्याला म्हटलं, "अय्यो, तुझ्या मापाची शिवायची राहूनच गेली की रे." पुढच्या वर्षी कमिटीने नावं ठरवायच्या आधी मला विचारलं.

उपेंद्र माझा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा नुकता रांगायला लागला होता. माझ्या पोरांच्या आधी तो माझ्या कडेवर वाढला. गल्लीला मी वेणक्का, त्याला वैनी, पण ताप आला की आई म्हणून हाक मारायचा, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक आहे. दुकानात मी बसल्या जागेवरून दोऱ्याची रिळं फेकायची आणि तो झेलायचा. उजवीकडे फेका, डावीकडे फेका, बेसावध असताना फेका, रीळ जमिनीवर पडत नसे. मामंजींनी ते बघितलं आणि म्हणाले, "ह्याला मशीनवर बसवू नका." झालं. पोरगं गोली झालं.

त्याचे दिवस काय सांगू. एका फायनलला समोर पगारी खेळाडूंची टीम होती आणि शेवटी शेवटी रेफ्रीने पेनल्टी दिली. मी गोलपोस्टच्या मागे गॅलरीत बसले होते, मांडीवर चित्रान्नाचा डबा. मारणारा चांगला ताडासारखा उंच होता. उपेंद्राने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी रीळ फेकायच्या आधी हात जसा हलवायची तसा हलवला, सवयीने. त्याने डावीकडे उडी घेतली आणि बॉल पोटाशी धरला. पुढचं मला दिसलं नाही, कारण अख्खी गॅलरी माझ्या डब्यावर उभी राहिली.

त्याला लोकांनी खांद्यावर घेऊन स्टेडियमपासून अलसूरपर्यंत आणलं. सगळ्यात पुढे हयवदन. आमच्या कोपऱ्यावर त्याचं कॉफीपुडीचं, म्हणजे दळलेल्या कॉफीचं, दुकान, आणि त्याच्यासारखी शिट्टी त्या काळात पोलिसांनाही वाजवता येत नसे. मी दारात मीठमोहऱ्या घेऊन उभी, आणि हे लोक त्याला खाली उतरवायला तयार नाहीत! शेवटी मी स्टुलावर चढले आणि वरच्या वर त्याची दृष्ट काढली. त्या दिवशी हयवदनाने गल्लीभर कॉफी वाटली. त्याच्या शर्टाची बाही उपेंद्राच्या बुटाने फाटली होती, ती मी तिथल्या तिथे शिवून दिली.

अशी माणसं होती. रविवारी गल्लीतल्या बायका पहाटेपासून लिंबं पिळायच्या. म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून मॅचला निघायचे, जसे लग्नाला. हरलो तर त्या संध्याकाळी गल्लीत रेडिओ लागत नसे.

मग घराघरात डिश आली. ज्या वर्षी अमेरिकेत वर्ल्डकप झाला त्या वर्षी हयवदनाने दुकानात रंगीत टीव्ही बसवला. लोक कॉफीच्या पोत्यांवर बसून जगातले सगळ्यात मोठे गोली बघायला लागले. आणि मग तेच डोळे घेऊन आमच्या मॅचला यायला लागले. कालपर्यंत ज्याला उडी म्हणत होते, तिला आता पडणं म्हणायला लागले.

खोटं कशाला बोलू, त्यांचंही सगळंच चुकत नव्हतं. उपेंद्र चाळिशीला आला होता. शहराच्या पार टोकाला, पीण्या भागातल्या कारखान्यात दिवसभर उभं राहायचं काम, दोन बस बदलून यायचं आणि मग प्रॅक्टिस. पोट पुढे आलं, गुडघा बोलायला लागला. बॉल त्याच्या पायांमधून जायचा आणि तो मग वाकायचा. गॅलरीतून ओरडायचे, "उपेंद्रा, गेट बंद कर!" एका मॅचला हयवदन हातभर मोठं कुलूप घेऊन आला आणि ते वाजवत बसला, "हे घे, हे लाव!" लोक पोट धरधरून हसले. त्या दिवसापासून मी स्टेडियमला जाणं सोडलं.

घरी मी त्याला सोडत होते असं नाही. जेवायला बसला की विचारायची, "तीन खाऊन आलास, आता भात वाढू की नको?" पण ते घरात. माझ्या दिराला मी बोलेन. गल्लीने बोलायचं नाही. आणि खंडेनवमी आली की एक नंबर मी त्यालाच द्यायची. कमिटीने दोनदा चुळबूळ केली. फुलवालीचा मुलगा मोहनकुमार आमच्याच क्लबच्या दुसऱ्या टीमला गोली होता, उंच, चपळ, माकडासारखा. त्याचं नाव पुढे आलं. मी म्हटलं, "सरी, बरं तर, द्या त्याला. जर्सीही दुसरीकडूनच शिवून आणा." त्याचं नाव मागे गेलं.

मला वाटायचं, ही जर्सी काढून घेतली तर पोरगं मोडून जाईल. त्याच्याजवळ दुसरं होतं काय?

मग एका वर्षी क्लब बुडाला. शेवटच्या मॅचला पाच गोल खाल्ले आणि मामंजींच्या काळापासून कधी झालं नव्हतं ते झालं, भवानी युनियन बी डिव्हिजनमध्ये घसरली. त्या रात्री गल्लीत रेडिओ बंद नव्हते. उलट मोठ्याने लावले होते. मला ते जास्त लागलं.

आणि दोन दिवसांनी महालय अमावास्या.

त्या दिवशी आमच्याकडे मामंजींचं श्राद्ध. हे आणि उपेंद्र ओल्या धोतरात, घरात वड्यांचा घमघमाट. केळीच्या पानावर सगळं वाढून आम्ही गच्चीवर गेलो, कठड्यावर पान ठेवलं आणि कावळ्याची वाट बघायला लागलो. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. एक कावळा समोरच्या तारेवर बसला होता. हे हात जोडून उभे, उपेंद्र "काव काव" करतोय, आणि तो मेला आमच्याकडे पाठ करून खाली रस्त्यावर बघतोय.

खाली काय आहे म्हणून मी वाकले.

आमच्या दुकानाच्या पायरीसमोर घोळका जमला होता. मध्ये हयवदन, उघडा, ओला पंचा नेसलेला, कपाळभर गोपीचंदन, बोटात दर्भाच्या जागी झाडूची काडी. समोर पाटावर गवताने भरलेला एक बाहुला, आणि त्याच्या अंगात हिरवी, लांब बाह्यांची जर्सी. पाठीवर एक नंबर. त्याच्यापुढे केळीच्या पानावर चित्रान्नाचा गोळा.

हयवदन मंत्र म्हणावे तसं गात होता. "भवानी युनियन गोत्रस्य, रविवारी पाच गोलांनी मृतस्य..." मागचे लोक "स्वाहा" म्हणत होते. श्राद्धात स्वाहा नसतं, एवढंही त्या गाढवांना ठाऊक नव्हतं.

"कावळा शिवत नाही रे," कोणीतरी ओरडलं.

"मयताची इच्छा राहिली असेल," हयवदन हात जोडून तारेकडे बघत म्हणाला. "बोला, युनियन, काय राहिलं? चांगला कोच देऊ?"

कावळा हलला नाही.

"नवीन बूट देऊ?"

कावळ्याने चोच पुसली.

"एक नंबर बदलू?"

आणि तो द्वाड कावळा झपकन खाली उतरला आणि चित्रान्नाचा गोळा घेऊन उडाला.

अशा शिट्ट्या मी फायनललाही ऐकल्या नव्हत्या. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होती. गच्चीवर उपेंद्राचे हात अजून जोडलेलेच होते. आमचे हे हळूच म्हणाले, "आपण आपल्या पानाकडे बघू या."

मी नाही बघितलं. कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि जिना उतरले.

मला बघून घोळका बाजूला झाला.

"कोणाचं श्राद्ध रे हे, हयवदना?"

"क्लबचं, वेणक्का." त्याने पंचा सावरला.

"आणि कर्ता कोण? तू? मग मिशी कशी राहिली तुझी? ये इकडे, कात्री आहे माझ्या दुकानात."

मागचे दोघे फिसकन हसले. हयवदन हसला नाही.

"ह्याच खांद्यावर बसवून आणलं होतंस ना त्याला?" मी काठी त्याच्या उघड्या खांद्याला लावली. "आज त्याच्यात गवत भरतोस?"

"म्हणूनच, अक्का." त्याचा आवाज बदलला. "ज्याला खांद्यावर घेतला त्याला आता पोरंटोरं कुलूप दाखवतात. बघवत नाही."

"कुलूप तूच आणलंस."

"हो. मीच आणलं. राग आला म्हणून आणलं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही, विचारा माझ्या बायकोला. वीस वर्षं आम्ही रविवारचं दुकान बंद ठेवून तुमच्या टीमच्या मागे आलो, अक्का. हरली तरी आलो. आता आमचंही ऐकणार का कोणी? कमिटीला सांगितलं, कमिटी म्हणते वेणक्काला सांगा. वेणक्काला कोण सांगणार? स्वल्प तुम्हीच सांगा, आम्ही कोणाला सांगायचं?"

"म्हणून चोरी केलीस? दोरीवरची जर्सी उचललीस?"

"चोरली नाही. दिली."

"कोणी?"

त्याने नुसतं वर बघितलं. आमच्या माडीवरच्या खिडकीत हिरव्या बांगड्यांचा एक हात होता, त्याने हळूच खिडकी ओढून घेतली. प्रेमा. उपेंद्राची बायको, रोज रात्री त्याचा गुडघा शेकणारी.

मी खाली बसले आणि त्या बाहुल्याच्या अंगातून जर्सी ओढून काढायला लागले. "खंडेनवमीला कुंकू लावलेला कपडा आहे हा. ह्याच्यात गवत भरायचं?"

"मग काय भरायचं अक्का, तुम्हीच सांगा," मागून कोणीतरी म्हणालं. ओरडून नाही, साधंच म्हणालं.

मी जर्सी ओढतच राहिले. आणि त्याच वेळी बाही उलटी करताना माझी बोटं काखेपाशी अडकली. तिथे चौबगला होता. म्हणजे बगलेत हात मोकळा फिरावा म्हणून लावतात तो चौकोनी तुकडा. मी ही जर्सी शिवली तेव्हा चौबगला लावला नव्हता. रंग जवळचा होता, पण कापड आमचं नव्हतं. टीप आमची नव्हती. शिंप्याच्या बाईला परक्या हाताची टीप अंधारातही कळते.

मी जर्सी घेऊन उठले आणि वर गेले.

गच्चीवर पान तसंच होतं. वडे गार झाले होते. प्रेमा जिन्याच्या तोंडाशी डोळे पुसत उभी होती, तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. जर्सी उपेंद्रासमोर उलटी धरली.

"ही कोणाची टीप?"

त्याने खाली बघितलं.

"तुला विचारतेय मी."

"पलीकडच्या शिवाजीनगरचा एक टेलर आहे," तो म्हणाला.

"शिवाजीनगरचा!" माझा आवाज खालपर्यंत गेला असेल. "तीन पिढ्या शिंप्याच्या घरातला पोरगा तू, आणि काखेला ठिगळ लावायला शिवाजीनगर गाठतोस? मी मेले होते? तुझ्या भावाचे हात झडले होते?"

"हात वर जात नव्हता, वैनी. जर्सी बसायची नाही."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू माप घेतलं असतंस."

"घेतलं असतं. माप घेणं पाप आहे?"

"माप घेतलं असतंस तर तुला कळलं असतं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. खरंच बघितलं. धोतरावर सुटलेलं पोट, कानाजवळचे पांढरे केस, एका पायावर जास्त भार देऊन उभं राहायची ती रीत. मी त्याचं माप कधी घेतच नव्हते. ते मला पाठ होतं. फायनलच्या वर्षीचं माप, तेच दरवर्षी कापायची.

"तुला जमत नव्हतं तर सोडलं का नाहीस?"

"सोडू कसं?" त्याला एकदम बोलायला यायला लागलं. "दरवर्षी सगळ्या गल्लीसमोर तू कुंकू लावून जर्सी हातात द्यायचीस. तुझ्या हातातली जर्सी नको म्हणू? आजपर्यंत कोणी म्हटलंय का? मला वाटायचं, माझ्यापेक्षा तुलाच जास्त पाहिजे. घरातला एक तरी खेळतोय म्हणून तू अशी ताठ चालतेस."

"मी तुझ्यासाठी देत होते, मूर्खा."

"आणि मी तुझ्यासाठी घेत होतो."

आमचे हे एवढा वेळ कठड्याकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "चौबगला मी मागच्या वर्षीच पाहिला होता."

"आणि बोलला नाहीत?"

ह्यांनी थोडा विचार केला. "टीप चांगली होती," म्हणाले.

प्रेमा रडता रडता हसली. मग उपेंद्र हसला. मी नाही हसले, मला राग आला होता, पण कोणाचा ते धड कळेना.

आमच्या पानाला कावळा काही शिवला नाही. कसा शिवेल, खाली पोटभर चित्रान्न खाऊन बसलेला. शेवटी ह्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पानाला लावला. दर्भाच्या कावळ्याला इच्छा सांगावी लागत नाही, वचन द्यावं लागत नाही. तरी मी मनातल्या मनात मामंजींना म्हटलं, बघते मी.

दसऱ्यापर्यंत कोणाला काही सांगितलं नाही. दुकानाची अर्धी फळी लावून बसायची आणि शिवायची. हयवदन दोनदा ताजी कॉफीपुडी घेऊन आला, जशी काय आमच्या घरची कॉफी त्याच्यावाचून अडली होती. "अक्का, या वर्षी रंग तोच ना?" म्हणत मान आत घालायचा. मी त्या मानेवर टेप टाकला आणि म्हटलं, "तुझं माप घेऊ? कफनीचं?" पळाला. उपेंद्राने काही विचारलं नाही. तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा. फक्त प्रॅक्टिसचे बूट स्वच्छ करून, तेल लावून दाराशी ठेवले होते. ते घालण्यासाठी ठेवले होते की आवरून ठेवण्यासाठी, हे मलाही कळत नव्हतं.

खंडेनवमीला मशीनला माळा घातल्या, कात्रीला कुंकू लावलं. दरवर्षीपेक्षा माणसं कमी होती. गल्लीतले अर्धे आलेच नव्हते. बी डिव्हिजनच्या जर्स्या बघायला कोण येणार? हयवदन मात्र आला होता, मागे खांबाला टेकून, हाताची घडी घालून. मी मुद्दाम दोनदा त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर खाली केली नाही. मला ते आवडलं, खरं सांगायचं तर.

मी एकेकाचं नाव घेत गेले. पिवळ्या जर्स्या संपल्या. पाटावर एक हिरवी राहिली.

मोहनकुमार भिंतीला चिकटून उभा होता. त्याची आई फुलांची टोपली घेऊन दारात.

"उपेंद्र," मी हाक मारली.

मागून सुस्कारे आले. हयवदनाने मान हलवली, पायात चपला सरकवल्या आणि जायला वळला.

"हयवदना, थांब. नैवेद्य घेतल्याशिवाय जायचं नाही माझ्या दारातून."

तो पाठमोरा थांबला. उपेंद्र पुढे आला. मी कॉलरीला कुंकू लावलं आणि जर्सी त्याच्या हातात ठेवली.

"उघड."

त्याने घडी मोडली आणि जर्सी छातीला लावली. खांदे अरुंद, कंबर बारीक, बाह्या लांबच लांब. उपेंद्राची अर्धी छाती बाहेरच राहिली. काखेत चौबगलाही होता, माझ्या हातचा, माझ्या कापडाचा. जोरात उडी मारणाऱ्याला लागतोच.

त्याने जर्सीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रीळ झेलल्यावर बघायचा तसा.

"वैनी, ही माझ्या मापाची नाही."

"ठाऊक आहे. मी शिवलीय." मी म्हटलं. "जर्सी आमच्या घरच्या हातातून जाते. तुझा हात कोणाच्या घरचा आहे? ज्याच्या मापाची आहे त्याला दे."

उपेंद्राने जर्सी पुन्हा घडी घातली. सावकाश, बाही आत, मग दुसरी बाही, शिंप्याच्या पोराने घालावी तशी. मग भिंतीपाशी गेला आणि मोहनकुमारच्या हातात दिली.

"डावीकडे कमी जातोस तू," त्याला म्हणाला. "उद्या लवकर ये प्रॅक्टिसला."

मोहनकुमार त्याच्या पाया पडायला वाकला आणि जर्सी खाली पडली. "पहिलाच बॉल सोडलास रे!" मागून हयवदन ओरडला, आणि सगळं दुकान हसायला लागलं. उपेंद्रही हसला, आणि मग जर्सी उचलायच्या निमित्ताने बराच वेळ वाकून राहिला. मी दुसरीकडे बघितलं. हयवदन पुढे आला आणि त्याचा खांदा धरून उभा राहिला.

संध्याकाळी दृष्ट काढायला दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा होता. दरवर्षी हे फोडायचे, घाबरत घाबरत, दोन-तीन वार करून. त्या वर्षी उपेंद्राने फोडला. असा आपटला की कुंकवाचा लाल लगदा हयवदनाच्या पांढऱ्या शर्टावर गेला. तो शर्ट मीच धुऊन दिला, डाग गेला नाही.

आता ती गल्लीही राहिली नाही. आमच्या दुकानाच्या जागी मोबाइल विकतात, आणि फुलवालीचा नातू व्हाइटफील्डला कुठल्याशा कंपनीत गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून जातो. ट्रंक माझ्या पलंगाखाली आहे. कधी उघडली की कापूर आणि जुन्या हळदीचा वास येतो आणि रविवारची गॅलरी ऐकू येते.

बी डिव्हिजनच्या पहिल्या मॅचला मी परत गेले होते. डबा घेऊन, गोलपोस्टच्या मागे, माझ्या जुन्या जागी. एका बाजूला उपेंद्र, दुसऱ्या बाजूला हयवदन. गॅलरीत आमच्याशिवाय जेमतेम पंधरा माणसं असतील. मोहनकुमारने दोन बॉल असे अडवले की मी उभी राहिले. मग तिसरा त्याच्या पायांमधून आत गेला, अगदी उपेंद्राचा जायचा तसाच.

उपेंद्र ताडकन उठला. मानेच्या शिरा ताणून ओरडला, "अरे, गेट बंद कर, गेट! झोपलास काय तिथे?"

मी म्हटलं, "खाली बस. लाज नाही वाटत?"

तो बसला नाही. हयवदनाकडे वळला आणि म्हणाला, "हयवदना, कुलूप आणलंयस का रे?"